कोरे दिवस

तृप्ती खराडेच्या कानामागे पुरळ उठलं नसतं, तर आपला नवरा सहा वर्षांपूर्वीच हरवलाय हे तिला कधी कळलंही नसतं. नवरा तसा घरातच होता. सकाळी चहा पीत होता, दुकानात जाऊन पाण्याच्या मोटारी दुरुस्त करत होता, जेवून वेळेवर झोपत होता. तरी तो हरवला होता, आणि ही गोष्ट तिच्या ध्यानात आली ती शेपूच्या भाजीमुळे.

पुरळ उठल्यावर डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की महिनाभर कानाला काही लावायचं नाही. म्हणून तृप्तीने कानामागची पट्टी काढून फ्रिजवरच्या डबीत ठेवून दिली. पहिले काही दिवस काहीच वेगळं वाटलं नाही. मग एका दुपारी बाजारातून तिने ताजा शेपू आणला, मूगडाळ घालून भाजी केली, अमोलच्या ताटात वाढली आणि तिचा डाव हवेतच राहिला. अमोलला शेपूचा वाससुद्धा खपत नसे. लग्नानंतर तिने पहिल्यांदा ही भाजी केली होती तेव्हा तो ताट उचलून अंगणात जाऊन बसला होता आणि हा पाला माणसांनी का खाऊ नये यावर अर्धा तास बोलला होता.

"छान झालीय," अमोल म्हणाला आणि त्याने आणखी मागून घेतली.

"तुम्हाला शेपू आवडतो?"

"न्हाई."

"मग खाताय कशाला?"

"तू केलीस. सगळे खातात. त्यात काय एवढं?" अमोल शांतपणे म्हणाला आणि भाकरीचा तुकडा मोडला.

गेल्या सहा वर्षांत आपण ही भाजी कितीदा केली ते तृप्ती बोटांवर मोजू लागली. दर वेळी तो छान म्हणाला होता. आणि दर वेळी आपल्यालाही ते छानच वाटलं होतं.

अमोल खराडे म्हणजे जुन्या हिंगणडोह गावातला एक नंबरचा आडमुठा माणूस. कुणी काही बोललं की याचं पहिलं उत्तर 'न्हाई'. कशाला नाही, ते मागाहून ठरायचं. स्वतःच्या लग्नात हा फोटोग्राफरशी भांडला होता, नवऱ्या मुलाने अमुकच बाजूला का उभं राहायचं म्हणून. लग्नाच्या निम्म्या फोटोंत त्याचं तोंड उघडं आहे. गावसभेत ठराव वाचायच्या आधी सरपंच एकदा त्याच्याकडे बघून उसासा टाकायचे. घराच्या दाराला कुठला रंग द्यायचा यावरून नवरा-बायकोचं गणपतीत जुंपलेलं भांडण दिवाळीपर्यंत पुरलं, आणि दिवाळीत दार होतं तसंच राहिलं. तृप्तीही काही कमी नव्हती. ती या माणसाशी जन्मभर भांडत आली होती. माहेरी गेली की चार दिवसांत तिला करमेनासं व्हायचं, कारण तिथे सगळे तिचं मुकाट्याने ऐकायचे.

मग तो पूर आला.

जुन्या गावात शाळेच्या भिंतीवर पुराच्या रेघा होत्या. पूर ओसरला की पाणी जिथवर चढलं होतं तिथे तेलरंगाची रेघ मारायची आणि शेजारी साल घालायचं, अशी गावाची रीत होती. सगळ्यांत वरची रेघ अमोलच्या आजोबांच्या काळातली. नवी सून गावात आली की तिलाही कुणीतरी ती रेघ दाखवायचं, आणि आपलं घर रेघेच्या वर आहे हे सांगताना सासूच्या आवाजात जरा तोरा असायचा. वरून पाणी येतंय, गाव सोडा, असा निरोप आला तेव्हा पारावर सभा भरली. लोक निघायच्या तयारीत होते. तेवढ्यात अमोल उठला.

"त्या रेघेच्या वर पाणी गेलंय का कधी? सांगा की. माझं घर रेघेच्या वर, विशालचं घर रेघेच्या वर. आम्ही न्हाई हलणार."

वाद चांगलाच रंगला. तृप्ती भांडून भांडून थकली आणि शेवटी धाकट्या जावेला, रूपालीला, आणि तिच्या पोरीला घेऊन ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढली. रूपालीचा नवरा विशाल हा अमोलचा धाकटा भाऊ. लहानपणापासून दादाच्या शब्दाबाहेर नसलेला. तो दादासोबत मागे राहिला. त्या दिवशी पाणी रेघ ओलांडून कधी वर गेलं ते कुणाला कळलंही नाही. अमोलला पत्र्यावरून बोटीत घेतलं. विशाल गोठ्यातली जनावरं सोडायला खाली उतरला होता, तो सापडला तिसऱ्या दिवशी.

पुरानंतर सगळं गाव वरच्या माळावर नव्याने वसलं आणि नव्या गावात 'समेट' आला.

समेटमागचं शास्त्र फारसं अवघड नाही. आपलं मत चारचौघांपेक्षा वेगळं पडलं की कपाळामागे, मेंदूच्या मधोमध, एक बारीक संकेत उठतो. फेकलेला दगड नेमावर लागला नाही की जो उठतो, तसलाच. म्हणजे 'मी वेगळा पडलो' आणि 'मी चुकलो' यांत मेंदू फारसा फरक करत नाही. हा संकेत उठला की बहुतेक माणसं एक पाऊल मागे येतात. अमोलसारखी काही येत नाहीत. आता, कानापाशी कातडीच्या अगदी जवळून एका मोठ्या मज्जातंतूची फांदी जाते. हृदयाला, श्वासाला, पोटाला सावकाश व्हायला सांगणारा हा मज्जातंतू. समेटची नाण्याएवढी पट्टी तिथे चिकटवली की ती आजूबाजूच्या पट्ट्यांशी संपर्क साधते, जमलेल्या माणसांचा कल कुठे आहे याची सरासरी काढते, आणि तुमचं मन त्या सरासरीकडे सरकलं की त्या फांदीला हलकासा प्रवाह देते. माणसाला बरं वाटतं. उन्हातून आल्यावर गार पाणी प्यायल्यावर वाटतं, तितकंच बरं. पट्टी कुणाच्या डोक्यात विचार घालत नाही की काढून घेत नाही. आवडनिवड, आठवणी, मतं, सगळं जागच्या जागी असतं. त्यासाठी हट्ट धरावासा वाटत नाही, इतकंच.

आणि गुण आला, हे कबूल करायला हवं. बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या चाललेले खटले मिटले. सुना वेगळ्या निघायच्या थांबल्या. दोन वर्षांपूर्वी नदी पुन्हा फुगली तेव्हा मळ्यांत राहणारी झाडून सगळी माणसं बोलावल्याबरोबर निघून आली. एकाचाही जीव गेला नाही. बायकांनी पट्टीचं नाव कानटिकली ठेवलं आणि ती कुंकवाच्या टिकलीइतकीच अंगवळणी पडली. नव्या हिंगणडोहात ती पहिल्यांदा लावून घेतली अमोलने. "माझ्या न्हाईपायी माणूस गेला," एवढंच तो म्हणाला होता. त्यानंतर भावाचं नाव त्याने कधी काढलं नाही.

शेपूच्या भाजीनंतर तृप्तीचे डोळे उघडले, आणि उघडले ते नको तितके. तिचं शिवणाचं दुकान होतं. पूर्वी एका ब्लाऊजसाठी बाई तीन-तीन खेपा घालायची, गळा मोठा झाला म्हणायची, बाही तंग झाली म्हणायची, तणतणत जायची आणि दोन दिवसांनी नवं कापड घेऊन यायची. आता तृप्तीने विचारलं, "गळा कसला ठेवू गं?" की उत्तर यायचं, "सगळ्यांचा ठेवताय तसाच ठेवा." तिने फळीवरची कापडं नीट पाहिली. एकजात सगळी आकाशी होती. वर्षभर ती आकाशी कापडं शिवत होती आणि तिला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

तिने ठरवलं, नवऱ्याशी भांडायचं. एकदा तरी. तो चिडलेला, हातवारे करत मुद्दा मांडणारा, मध्येच पाणी पिऊन पुन्हा सुरू होणारा तिला बघायचा होता.

पहिल्यांदा तिने घराच्या दाराला वांगी रंग फासला. अमोल दुकानातून आला, दार बघितलं, चप्पल काढली आणि आत आला.

"कसं दिसतंय?" तिने विचारलं.

"बरं दिसतंय."

"वांगी रंगाचं दार बरं दिसतंय? उभ्या गावात कुणाचं तरी आहे का?"

"तुला आवडलं ना? मग झालं."

मग तिने त्याच्या कामाच्या पेटीतली सगळी हत्यारं उलटीपालटी करून ठेवली. त्याने एकेक शोधून पुन्हा लावली आणि शीळही घातली. त्याच्या आवडत्या चहाच्या कपात तिने गुलाबाचं रोप लावलं. त्याने त्याला पाणी घातलं. शेवटी एका सकाळी ती कमरेला पदर खोचून त्याच्या समोर उभी राहिली.

"मी चालले माहेरी. कायमची."

अमोलने वर पाहिलं. "बरं."

"बरं? का चाललीस म्हणून विचाराल का न्हाई?"

"तू म्हणतेस म्हणजे विचार करूनच म्हणत असशील की."

तो उठला. त्याने कपाटावरची बॅग खाली काढली, फडक्याने पुसली आणि तिच्या साड्या घडी न मोडता आत ठेवल्या. रक्तदाबाच्या गोळ्या वरच्या कप्प्यात घातल्या. सकाळची गोळी आणि संध्याकाळची गोळी वेगळ्या पिशवीत. चष्मा डबीत घातला. मग म्हणाला, "पोचलीस की फोन कर."

तृप्ती त्या बॅगेवरच बसली आणि भोकाड पसरलं. अमोल पाणी घेऊन आला. शेजारी बसून बराच वेळ तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. त्या हातात माया होती. ती पट्टीने नेली नव्हती, आणि म्हणूनच तिला जास्त रडू येत होतं. माया होती, गोळ्या आठवणीने घातल्या जात होत्या, पण थांब म्हणणारं कुणी नव्हतं.

त्याच आठवड्यात डॉ. मैथिली पेंढारकर गावात आल्या. समेट तयार करणाऱ्या मंडळींपैकी त्या एक. चाळिशीच्या, सुती साडीतल्या, हसऱ्या बाई. दवाखान्यात त्यांनी तृप्तीचा कान तपासला.

"तुमचा त्रास आता मिटणार, काकू. पट्टीची गरजच उरणार नाही. तांदळाच्या दाण्याएवढं यंत्र आलंय. कातडीखाली बसवायचं, पाच मिनिटांचं काम. चिकटवायला नको, पुरळ नाही, काही नाही. गावसभेने सगळ्यांसाठी मंजूर केलंय."

"मग काढायचं झालं तर?"

"यंत्र काढता येईल. पण दाणा दिवसरात्र चालतो. तीनेक वर्षांत मेंदू तो जुना संकेत द्यायचाच सोडून देतो. मग काढून उपयोग नाही."

"आणि कुणी बसवून न्हाई घेतला तर?"

"सक्ती नाही. पण सभेत बसता येणार नाही. बिनदाण्याचा एक माणूस असला तरी सगळ्यांची सरासरी डळमळते. पुराच्या वेळी ते परवडणार नाही तुमच्या गावाला." त्या तिच्याकडे वळल्या. "काकू, माझे आईबाबा एका घरात राहून वीस वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. मी मधे बसून निरोप पोचवायची. भांडण म्हणजे काय असतं ते मला माहितीये. त्यासाठीच मी या कामात पडले."

तृप्तीला त्या बाईची कीव आली. मग डॉक्टरांनी पुढचं सांगितलं. दाणा बसवण्याआधी प्रत्येकाचा मूळचा कल मोजून यंत्रात भरावा लागतो, म्हणून तीन दिवस पट्टी काढून राहायचं. दवाखान्याच्या भाषेत त्यांना कोरे दिवस म्हणायचे. सगळं गाव एकदम मोकळं सोडायला नको म्हणून एकेका आळीला पाळी. पहिली पाळी अमोल-तृप्तीच्या आळीची होती.

पट्टी काढल्यावर पहिला अर्धा दिवस अमोल नुसता कान खाजवत होता. दुपारी जेवून ओसरीवर बसला असताना तो एकदम म्हणाला, "या घराचं तोंड पश्चिमेला कुणी ठेवलंय गं?"

तृप्ती आतून धावत आली. "का? काय झालं?"

"दुपारभर ऊन तोंडावर येतंय की. कुणाच्या डोक्यातनं निघालं हे? आणि दार! दाराला काय रोग झालाय?"

"मी रंगवलंय ते."

"वांगी? अगं, वांगी रंग दाराला देतात का कुणी?"

"का न्हाई? नियम आहे का कुठं?"

"नियम कशाला पाहिजे? डोळे पाहिजेत!"

ते दोघं जे जुंपले ते दिवस मावळेपर्यंत. दारावरून गाडी शेपूवर आली. सहा वर्षं शेपू खाऊ घातल्याबद्दल अमोलने तिला उभं-आडवं घेतलं. तिने त्याला बॅगेची आठवण करून दिली. त्यावर तो म्हणाला, "जाऊ दिलं असतं मी तुला. खरंच जाऊ दिलं असतं." तृप्ती हसत होती आणि डोळे पुसत होती. संध्याकाळी तिने त्याच्यासाठी बटाट्याची भाजी केली. त्याने ती तिखट आहे म्हणून सांगितलं आणि सगळी संपवली.

दुसऱ्या दिवशी तो उठला तो वेगळाच. चहा घेतला नाही. दुकानात गेला नाही. ओसरीच्या खांबाला टेकून नदीकडे बघत बसला. तृप्तीने दोनदा चिडवून पाहिलं, पण त्याने मान हलवली नाही. उन्हं वर आली तेव्हा त्याचे खांदे हलायला लागले.

"त्याला पोहता येत होतं की गं," तो म्हणाला. "मीच शिकवलं होतं. भोपळा बांधून. तो म्हणायचा दादा सोडू नको, आणि मी म्हणायचो न्हाई सोडत."

सहा वर्षं जे आलं नव्हतं ते सगळं एकदम आलं. विशालचं प्रेत हाती लागलं तेव्हा अमोलच्या अंगात ताप होता. मग तंबूतले दिवस, नव्या घराची बांधाबांध, आणि त्यापाठोपाठ पट्टी. रडायला मधे सवडच मिळाली नव्हती. आता तो लहान पोरासारखा हमसून हमसून रडत होता, जेवण पुढे ढकलत होता, उठून अंगणात जात होता आणि परत येऊन तिथेच बसत होता. "मी म्हणालो रेघ बघा. मी म्हणालो रेघ बघा," हेच पुन्हा पुन्हा म्हणत होता. तृप्तीने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. आपल्याला भांडणारा नवरा हवा होता. पण त्याच्यासोबत हेही परत येणार हे आपल्या लक्षात कसं आलं नाही, याची तिला लाज वाटली. जत्रेत हरवलेलं पोर शोधावं तसं आपण त्याला शोधत होतो, आणि तो इकडे कसला भोग चुकवून बसला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने मनाशी ठरवून त्याच्यापुढे चहा ठेवला.

"अहो, ऐका माझं. दाणा बसवून घ्या."

अमोलचे डोळे सुजून लाल झाले होते. त्याने तिच्याकडे पाहिलं.

"मनापासून सांगतेय," तृप्ती म्हणाली. "मला न्हाई बघवत तुमच्याकडं. शेपू खा, दार वांगी असू दे, मला काही म्हणू नका. पण हे नको. मी राहीन तशी. मी बसवून घेतला की मलाही काही वाटणार न्हाई."

"न्हाई," अमोल म्हणाला.

"का पण?"

"न्हाई म्हणजे न्हाई."

"तुम्ही दोन दिवसांत निम्मे झालाय! काल पाण्याचा घोट घेतला न्हाई तुम्ही. असं किती दिवस काढाल?"

"जितके लागतील तितके." त्याने चहाचा कप उचलला. आवाज ठाम होता. "सहा वर्षं मी त्याच्यासाठी रडलो न्हाई, तृप्ते. सख्खा भाऊ. माझ्या शब्दावर थांबला आणि मी त्याच्यासाठी सहा वर्षं शीळ घालत होतो. ते फेडायचं राहिलंय. ते मला बसून फेडू दे."

"आणि पुन्हा पूर आला तर? पुन्हा न्हाई म्हणाल?"

हा घाव वर्मी बसला. अमोलने कप खाली ठेवला.

"पुन्हा पूर आला तर सगळ्यांच्या आधी मी निघेन," तो म्हणाला. "पण भीती वाटून निघेन. आठवून निघेन. कानात गार वाटलं म्हणून न्हाई."

तृप्तीने खूप वाद घातला. हात जोडले, ओरडली, सासरी असलेल्या मुलीला फोन लावायची धमकी दिली. या वेळी ती नाटक करत नव्हती. तिला खरोखर त्याचा त्रास संपायला हवा होता, आणि तो खरोखर तिचं ऐकत नव्हता. शेवटी ती दमून त्याच्या शेजारी बसली.

"मग मीही न्हाई बसवून घेणार," ती म्हणाली.

"तू घे की. सभेला घरातलं कुणीतरी नको का?"

"मला नका शिकवू."

शिबिर शाळेत होतं. अमोलने डॉक्टरांना दोघांचाही नकार सरळ सांगितला. डॉ. मैथिलींनी कागद बाजूला ठेवून त्याला बसायला खुर्ची दिली.

"काका, तुम्हाला त्रास होतोय हे मला दिसतंय. तो मी थांबवू शकते."

"ठाऊक आहे. तुम्ही वाईट न्हाई केलं, बाई. तेव्हा ही पट्टी नसती तर मी विहीर जवळ केली असती. तेवढी वर्षं तुम्ही मला जगवलं, तुमचे उपकार आहेत. पण आता ते माझं मला बघू दे."

डॉक्टरांनी कागदावर त्याचं नाव खोडलं. बाहेर सरपंच होते, दाणा बसवून बाहेर पडलेले शेजारीपाजारी होते. सगळे हसून बघत होते. "तुमची मर्जी, अमोलराव," सरपंच म्हणाले. "सभेला मात्र येऊ नका." कुणी रागावलं नाही, कुणी समजूत काढली नाही, कुणी हाताला धरून मागे ओढलं नाही. त्यासाठी जे लागतं ते आता गावात कुणापाशी उरलं नव्हतं. परतताना अमोलला त्याचंच जास्त वाईट वाटलं. कुणी निदान शिव्या तरी द्यायला हव्या होत्या, असं तो म्हणाला.

चार पावलं चालून तो थांबला.

"रूपाली दर दिवाळीला मला जेवायला बोलावते. पुरणपोळीवर तूप वाढते. म्हणते, भावजी, झालं ते झालं. सहा वर्षं म्हणतेय."

"तिचा स्वभावच तसा आहे."

"तिचा का टिकलीचा? मला कसं कळणार?" अमोल म्हणाला. "तिच्या आळीची पाळी कधी आहे?"

रूपालीच्या आळीचे कोरे दिवस लगेच पुढच्या आठवड्यात आले. दुसऱ्या दिवशी सकाळी अमोल अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून तयार झाला. तृप्तीने त्याला खूप अडवलं. तिला भीती वाटत होती. तिने जे पाहिलं होतं ते आजवर त्याला सांगितलं नव्हतं, आणि आज ते कुणीतरी सांगणार हे तिला दिसत होतं. पण तो ऐकणाऱ्यातला नव्हता. मग तीही निघाली.

रूपाली अंगणात धुणं वाळत घालत होती. पन्नाशीची, सडसडीत बाई. दोघांना फाटकात पाहून तिने हातातली चादर बादलीत टाकली. नेहमीसारखी पुढे आली नाही. डोळे रडून सुजले होते.

"बसा म्हणणार न्हाई मी," ती म्हणाली.

"नको म्हणूस," अमोल म्हणाला आणि उन्हात उभा राहिला.

"कशाला आलाय?"

"तुला काय म्हणायचंय ते ऐकायला."

रूपालीने पदर खांद्यावरून ओढून घेतला. तिचा आवाज फुटला तो कुणाचा आहे हे क्षणभर तृप्तीलाही ओळखू आलं नाही.

"ऐकायचंय? ऐका. तो चढला होता ट्रॅक्टरवर. तुम्हाला ठाऊक आहे का, भावजी? माझा हात धरून चढत होता. एक पाय वर होता. आणि तुम्ही पारावरून हाक मारलीत, विशाल, ये इकडं, काही होत न्हाई. तो उतरला. मी त्याचा सदरा धरला होता. बटण तुटून माझ्या हातात राहिलं. अक्कांना विचारा, त्या होत्या तिथं!"

अमोलने वळून तृप्तीकडे पाहिलं. तृप्तीने मान खाली घातली.

"सहा वर्षं तुम्हाला तूप वाढलं मी!" रूपाली ओरडत होती. शेजारच्या दारांत माणसं येऊन उभी राहिली होती. "माझ्या पोरीचा बाप गेला तुमच्या शहाणपणापायी, आणि मी तुम्हाला आग्रह करून पोळी वाढली. मला माझीच किळस आली कालपासून. त्याला स्वतःचं डोकं नव्हतं का? तुम्ही कधी असू दिलंत? लहानपणापासून तुम्हीच बोलायचं आणि त्यानं मान हलवायची. रेघ! त्या रेघेवर माझा संसार मोजलात तुम्ही!"

ती बोलत राहिली. लग्नातलं बोलली, शेताच्या वाटणीतलं बोलली, पोरीच्या बारशाला नाव ठेवताना अमोलने सगळ्यांचं म्हणणं उडवून लावलं होतं तेही बोलली. काही आरोप खरे होते, काही वाढवलेले होते, एक-दोन तर उघड अन्यायाचे होते. तृप्तीला दोनदा मधे पडावंसं वाटलं. अमोल तसाच उभा होता. त्याच्या कपाळावरून घाम गळत होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याने कुणाचं म्हणणं खोडून काढलं नाही, आणि त्यात कुठल्या यंत्राचा हात नव्हता.

"व्हय," तो एवढंच म्हणाला. "मीच मारली हाक."

रूपालीला धाप लागली. ती पायरीवर बसली आणि गुडघ्यांत तोंड घालून रडायला लागली. तृप्ती जवळ गेली तर तिने तिचाही हात झिडकारला. थोड्या वेळाने तृप्ती पुन्हा एकदा हात पुढे करून बसली, तेव्हा मात्र रूपालीने तो धरून ठेवला.

"जा आता," बऱ्याच वेळाने रूपाली म्हणाली.

अमोल वळला. फाटकापाशी पोचला तेव्हा मागून तिचा आवाज आला.

"भावजी."

तो थांबला.

"उद्या या. माझं संपलं न्हाई अजून."

"रूपाली, परवा शिबिर आहे तुमच्या आळीचं," तृप्ती हळूच म्हणाली. "दाणा बसवायचाय."

"असू दे की शिबिर," रूपाली पदराने नाक पुसत म्हणाली. "माझं काय दोन दिवसांत आटपणार आहे? उद्या या, भावजी. सकाळीच या."

"येतो," अमोल म्हणाला.